गच्चीवरच्या गोड्या पाण्याची नऊ पानं

रविवार, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं

तीर्थरूप भाऊजींना, पाठ धरलेली असतानाही पूर्ण वाकून केलेला नमस्कार (किती वाकलो ते कागदावर दिसत नाही, म्हणून लिहिलं).

माझ्या या दोन हातांनी आजवर काय काय झालं त्याची यादी आधी देतो, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्यातलं कुठलं माझ्या हातचं आणि कुठलं नाही, याचा घोळ होणार नाही. पाचशे लिटरची पाण्याची टाकी, अकरा वर्षं झाली, अजून थेंब गळत नाही. घराभोवतीची पन्हळ, अठ्ठावीस फूट चार इंच. ट्रंका साडेतीनशेच्या खाली नाहीत, त्यातली एक तुमच्या माळ्यावर आहे आणि तिच्यात तुम्ही बत्तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका ठेवल्या आहेत. ताईला दिलेली पिठाची कोठी, तिचं झाकण आजही एका बोटाने उघडतं. आमच्या स्वयंपाकघराचं दार, जे लागत नाही (दार काटकोनात आहे, भिंत नाही, हे मी गवंड्याला त्याच दिवशी सांगितलं होतं). आणि गेल्या महिन्यापासून गच्चीवर तीन फूट बाय दोन फूट मापाचं, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, निव्वळ उन्हावर चालणारं. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. नववीनंतर शाळेने मला आणि मी शाळेला मोकळं केलं, हे तुम्हाला माहीत आहेच. मागच्या खेपेला माझं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत, त्यात सोळा चुका काढल्या होत्या. त्यातली अकरावी चूक नव्हती, शाईचा डाग होता. असो.

आपली तब्येत कशी आहे? रक्तदाबाचा वरचा आकडा किती आणि खालचा किती, ते वेगवेगळं कळवावं. ताईला फोनवर विचारलं की ती 'ठीक आहे' म्हणते, आणि ठीक हा काही आकडा नव्हे. ताईचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, तेही कळवावं, कारण दोन्हीची कारणं वेगळी असतात (हे मी वाचलेलं नाही, माझ्या शिडीवरून सांगतो). इकडे सगळे बरे आहेत. आई बरी आहे. आई फारच बरी आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की माझी पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची दहा इंची पट्टी, तुम्ही दोन वर्षांपूर्वी देव्हाऱ्याची फळी बसवायला नेली होती. ती परत पाठवावी. तिच्यावाचून गच्चीवरचं यंत्र सपाट बसवायला मला वाटीत पाणी घेऊन डोळ्याने अंदाज घ्यावा लागला, आणि अंदाज हा शब्द मी माझ्या दुकानात कुणाला उच्चारू देत नाही. बाकी विशेष काही नाही. वेळ आहे म्हणून यंत्राची हकिकत लिहितो.

तुम्ही विज्ञानाचे मास्तर, त्यामुळे तुम्हाला समजावणं म्हणजे शिंप्याला सुई दाखवणं, पण तुमची मुलगी तुम्हाला तिच्या कामातलं काही सांगत नाही असं ताई म्हणाली, म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या गल्लीच्या विंधनविहिरीचं पाणी मचूळ. क्षार मोजायचं ते पेनाएवढं यंत्र पाण्यात बुडवलं की तीन हजार शंभर दाखवतं. प्यायच्या पाण्याला पाचशेच्या आत हवं. ऊन या पाण्यावर पडलं की वाफ होते, वाफ वरच्या तिरप्या काचेला लागून थंड होते, थेंब ओघळत पन्हळीत येतात, पन्हळीतून नळीने खाली बरणीत. मीठ मागेच राहतं. इतकं आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. अडचण अशी की ऊन नुसतं पाणी तापवत बसतं, वाफ होता होता संध्याकाळ होते. तुमच्या मुलीने, म्हणजे आपल्या मोजपट्टीने (सहा वर्षांची असताना मी तिला पाच मीटरची मोजपट्टी दिली होती आणि तिने पहिल्यांदा माझं नाक मोजलं होतं, तेव्हापासून हे नाव), प्रयोगशाळेत एक काळी चादर तयार केली आहे. चादर म्हणजे पातळ, स्पंजासारखी, पाण्यावर तरंगणारी. ती शंभरातले सत्त्याण्णव भाग ऊन पिते. खालचं पाणी गारच राहतं, फक्त चादरीच्या पाठीवरचा पाण्याचा पातळ थर तापतो आणि भराभर उडून जातो. इतकं काळं मी आयुष्यात पाहिलेलं नाही, भाऊजी. तिच्यावर पत्र्याचा तुकडा ठेवला तर वाटतं भोकावर ठेवलाय. मी तीनदा बोट घालून पाहिलं.

प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली ती चालते, पण खऱ्या गच्चीवर, खऱ्या धुळीत, खऱ्या कावळ्यांच्या राज्यात चालते का, हे कुणीतरी रोज मोजायला हवं होतं. मोजपट्टीने चादर, काच आणि ते पेन घेऊन थेट माझं दुकान गाठलं. म्हणाली, "मामा, मोठमोठ्या संस्था आहेत, पण माझ्या माहितीत तुमच्याएवढं किचकट माणूस दुसरं नाही." हा मी बहुमान समजतो. येत्या शुक्रवारी तिच्या समितीपुढे अहवाल आहे. अहवाल मान्य झाला तर आमच्यासारख्या मचूळ पाण्याच्या चाळीस घरांवर हे यंत्र बसेल आणि तिची नेमणूक दोन वर्षांनी वाढेल. नाही झाला तर चादर गुंडाळून कपाटात आणि पोरगी दुसऱ्याच्या हाताखाली. हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल. मला सांगितलं, कारण पेटीचं माप घेताना मी गप्प असतो.

पेटी मी केली. दोन दिवसांत, बावीस गेजच्या पत्र्याची. पत्रा हाताने ठोकून वाकवला, कारण दुकानातलं वाकवायचं यंत्र गेल्या वर्षी मोडलं आणि नव्याची किंमत एक लाख अठरा हजार आहे. ही किंमत हिला तोंडपाठ आहे. यंत्र नाही म्हणून मोठी कामं दुसरीकडे जातात, हेही तिला तोंडपाठ आहे आणि ती ते मला जेवताना ऐकवते. वही घातली. रोज एक पान, नऊ रकाने: वेळ, ऊन, वारा, काचेचा कोन, पाणी किती निघालं, क्षार किती, घरात कोण कोण हजर, चव, शेरा. (घरात कोण हजर हा रकाना कशाला, असं हिने विचारलं. नोंद ही नोंद असते, पुढे कधी कशाला लागेल सांगता येत नाही, असं मी उत्तर दिलं. हे वाक्य ध्यानात ठेवा.)

पहिला दिवस मंगळवार. पाणी दोन लिटर सातशे, क्षार नऊ. बुधवारी आठ, गुरुवारी अकरा, शुक्रवारी आठ, शनिवारी नऊ. तीन हजार शंभरावरून नऊ! मी दुकान बंद करून घरी आलो आणि शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या तिघांना बोलावून प्रत्येकाला एकेक पेला पाणी दिलं. टेलरमास्तरांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला गेल्यासारखा चेहरा केला. लाँड्रीवाला म्हणाला, "पाणी आहे. पण पाण्यासारखं नाही." सोनार म्हणाला की भांडं चाटल्यासारखं लागतं. हिने अर्धा पेला तुळशीला घातला. आईने पूर्ण पेला संपवला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. आई काही बोलली नाही, हीसुद्धा नोंद करायला हवी होती. ती राहिली.

रात्रभर विचार करून मी रविवारी सकाळी काचेचा कोन बावीस अंशांवरून चोवीसवर नेला. संध्याकाळी पुन्हा तिघांना बोलावलं (टेलरमास्तरांना हाताला धरून आणावं लागलं). भाऊजी, काय सांगू! टेलरमास्तरांनी पेला रिकामा करून पुढे केला. म्हणाले, "पत्रेवाले, आता जमलं बघा. काल काहीतरी कमी होतं." लाँड्रीवाल्याने घरी न्यायला तांब्या मागवला. मी वहीत लिहिलं: कोन चोवीस, चवीत लक्षणीय सुधारणा. खाली दोन रेघा मारल्या. मग पेन बुडवलं. क्षार दोनशे दहा.

मी पेन पुसून पुन्हा बुडवलं. दोनशे दहा. साध्या पिण्याच्या दृष्टीने यात काही वाईट नाही, पाचशेच्या आतच आहे, पण काल नऊ आणि आज दोनशे दहा म्हणजे मीठ कुठूनतरी आत येतंय. आज दोनशे येतंय ते उद्या दोन हजार येईल. गळकी टाकी मी कधी गिऱ्हाइकाला दिली नाही. सोमवारी दोनशे चाळीस. रात्री झोप नाही. मंगळवारी सकाळी मी सगळे सांधे खरवडून ते बुजवायची लांबी नव्याने भरली, आणि संध्याकाळी क्षार नऊ! मी हिला म्हणालो, सापडलं, लांबीत खोट होती. बुधवारी दोनशे तीस. ही म्हणाली, "लांबीची खोट सुट्टीवर गेली होती का काल?"

पुढचे आठ दिवस मी काय काय केलं ते तपशिलात लिहिलं तर तुम्हाला पत्राला जास्तीचं तिकीट भरावं लागेल. नळी बदलली, दोनदा. पन्हळ काढून उलटी बसवली, पुन्हा सुलटी बसवली. कावळा काचेवर बसून काही करतो का हे पाहायला सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे साडेचार तास बसलो (करतो, पण ते खारट नसतं. कसं कळलं ते विचारू नये). शुक्रवारी आकडा चारशे दहावर गेला, त्या दिवशी माझी आत्या आली होती, म्हणजे घरात एक माणूस जास्त, तेही वहीत आहे. मग पुढचा मंगळवार आला आणि क्षार पुन्हा आठ. दोन मंगळवार! आता माझ्या लक्षात आलं की समोरची लाँड्री मंगळवारी बंद असते. उघडच होतं, त्याच्या भट्टीची वाफ, तिच्यातला सोडा, वाऱ्याने माझ्या गच्चीवर. मी लाँड्रीवाल्याकडे जाऊन चार लोकांदेखत त्याला हे वही उघडून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माझा सोडा तुमच्या बंद काचेच्या आत शिरतो, आणि उघड्यावरच्या शर्टावर दिसत नाही, होय?" त्या दिवसापासून माझे शर्ट तो इस्त्री करतो, पण फक्त पुढून.

मंगळवारी आई सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत धाकट्या मावशीकडे असते. हे माझ्या वहीत दोन्ही मंगळवारी स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. सातव्या रकान्यात. क्षार सहाव्या रकान्यात. दोन रकान्यांच्या मधे एक रेघ आहे, ती मीच पट्टीने मारलेली.

बुधवारी दोनशे साठ आलं आणि माझा धीर सुटला. लांबी नवी, नळी नवी, काच धुतलेली, पेटी माझ्या हातची. माझ्या हातची पेटी गळत नाही. मग राहिलं काय? चादर. मी बसलो आणि मोजपट्टीला चार पानी पत्र लिहिलं, बसच्या कंडक्टरच्या हाती त्याच दिवशी पाठवलं. त्यातलं एक वाक्य इथे उतरवतो, म्हणजे तुम्हाला पत्राचा सूर कळेल: 'पंधरा वर्षं शिकून जे केलं त्यातून मीठ गळतं, आणि नववी नापास माणसाने ठोकलेल्या पेटीतून गळत नाही, यावर विचार व्हावा.' गुरुवारपासून यंत्रावर गोणपाट टाकलं. दाढी करायला गेलो तेव्हा न्हाव्याने विचारलं, यंत्राचं काय झालं, तर त्यालाही सविस्तर सांगितलं. न्हाव्याला सांगणं म्हणजे दवंडी, हे मला कळतं, पण तेव्हा वस्तरा गळ्यावर होता आणि राग डोक्यात.

काल, शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला तिचं उत्तर फोनवर आलं. दोन ओळी. मी चहा घेताना सगळ्यांना वाचून दाखवलं: 'मामा, तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. मी अहवाल मागे घेते.'

दुसरा प्रश्न नाही. पेन तपासलं का, असं नाही. बरणी कुठे ठेवली होती, असं नाही. तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच. मी फोन उलटा ठेवला. तेवढ्यात आईने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "अरे, खारट लागत होतं तर मला सांगायचं. पोरीला कशाला कळवलंस? चिमूट लहान घेतली असती."

मी विचारलं, कसली चिमूट.

"मिठाची. तुझ्या त्या बरणीत. रोज दुपारी टाकते ना मी."

का, असं हिने विचारलं. आई म्हणाली, "का म्हणजे? त्या शनिवारी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, आणि हा कोपऱ्यात रिकामे पेले मोजत उभा. बघवेना मला. म्हटलं थोडी चव आणू. दुसऱ्या दिवशी कसे सगळे तांब्या घेऊन आले!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू म्हणे काच हलवलीस."

भाऊजी, तीन हजार शंभरातलं मीठ मी काच, पत्रा, ऊन आणि तुमच्या लेकीची विद्या लावून वरून काढत होतो, आणि आई ते खालून परत घालत होती. चवीतल्या लक्षणीय सुधारणेखाली मारलेल्या दोन रेघा मी अजून खोडलेल्या नाहीत. नोंद खोडायची नसते, शेरा लिहायचा असतो.

ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही, सख्ख्या आईच्याही नाही. आज सकाळी साडेआठला मी आईला सोनाराच्या दुकानी नेलं (रविवारी तो फक्त ओळखीच्यांना अर्धं दार उघडतो). त्याच्या बारीक काट्यावर आईला पाच वेळा चिमूट टाकायला लावली. सोनार म्हणाला, या काट्यावर आजवर लोकांनी पुष्कळ काही आणलं, पण मीठ तोलायला कुणी आलं नव्हतं. आई म्हणाली, "घाल तुरुंगात मला. एकदाच घाल, पाच-पाचदा जबानी कशाला?" पाच चिमटींची सरासरी सहाशे चाळीस मिलिग्रॅम. दोन लिटर आठशे पाण्यात विरघळवली, पेन बुडवलं: दोनशे तीस. आत्या आलेल्या शुक्रवारी पाहुणी म्हणून दोन चिमटी, ते आईला पक्कं आठवत होतं. सगळे नऊ आकडे जुळले. एवढी अचूक चिमूट मी कुठल्याही कारागिराच्या हाती पाहिलेली नाही, आणि हे मी तिथल्या तिथे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग? मोजायचं वेड तुला काय आकाशातून पडलं?"

घरी येऊन गोणपाट काढलं, बरणी धुतली, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि फडक्याला गाठ मारून गाठीवर लाख लावली. अकराला चादर ऊन पीत होती. आता हे लिहिताना नळीतून टपटप चालू आहे, मिनिटाला एकशे वीस थेंब, मी दोनदा मोजले. लाँड्रीवाल्याकडे जाऊन माफी मागायची आहे, त्यासाठी चुरगळलेले चार शर्ट बाजूला काढले आहेत, म्हणजे नुसतं माफी मागायला आलो असं वाटणार नाही. टेलरमास्तरांना मात्र अजून काही सांगितलेलं नाही. ते सकाळीच विचारून गेले की पूर्वीसारखं पाणी पुन्हा कधी मिळेल.

तर एकूण असं आहे. पाणसळ पाठवावी. ताईला नमस्कार, तिच्या गुडघ्याला विश्रांती. लहानांना म्हणावं मामा आठवण काढतो (आता लहान कुणीच राहिलेलं नाही, पण वाक्य सवयीने येतं). चुका लाल शाईने दाखवाव्यात, हरकत नाही, यावेळी मी डाग पडू दिलेला नाही.

आपला,
धाकटा मेहुणा, पत्रेवाला

ता. क. पाणसळ सापडत नसेल तर राहू द्या. तिच्याविना मी वाटीने बसवलेलं यंत्र आज सोनाराकडच्या पाणसळीने तपासलं. बुडबुडा मधोमध.

ता. क. दोन. वर बाकी विशेष काही नाही असं लिहिलं आहे, त्यात दुरुस्ती. मोजपट्टी मंगळवारी तुमच्याकडे येणार आहे असं ताई म्हणाली होती. मी काल संध्याकाळपासून तिला चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. हे पत्र आणि सोबतचं पाकीट आजच्याच बसने, त्याच कंडक्टरच्या हाती येतंय. पाकिटात वहीची नऊ पानं आहेत, मूळ, नक्कल नव्हे. प्रत्येकावर तांबड्या शाईने शेरा आहे: 'बरणीत आईने एक चिमूट मीठ घातले. चादरीचा दोष नाही. पेटीचा दोष नाही. मोजमाप बरोबर, निष्कर्ष माझा, आणि तो चूक.' खाली माझी सही आणि आईची सही. (आत्या आलेल्या शुक्रवारच्या पानावर 'दोन चिमटी'. आईने 'घातले' ऐवजी 'चवीपुरते घातले' असं लिहायला लावलं, तसं लिहिलं आहे.) सोनाराच्या काट्याचा हिशोब दहाव्या पानावर आहे. ही पानं तुम्ही तुमच्या हातांनी तिला द्यावीत, मागे घेतलेला अहवाल शुक्रवारच्या आत पुन्हा पुढे करायला लावावा, आणि तिला सांगावं की मामा मोजतो ते बरोबर असतं, पण मामा म्हणतो ते बरोबरच असतं असं नाही. हे मला फोनवर म्हणता येणार नाही. तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला दुसऱ्याची चूक मोठ्याने वाचायची सवय आहे. माझ्यासाठी एवढं कराच. त्या चार पानी पत्रातलं ते वाक्य तिने तुम्हाला दाखवलं, तर ते मी लिहिलेलं आहे, हेही कबूल.

ता. क. तीन. हे हिला कळू देऊ नये, म्हणून वेगळं लिहितो. आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे सोनाराकडून आल्यावर, दाराशी टाय लावलेले एक गृहस्थ आले. गाळणीची मोठी यंत्रं विकतात. न्हाव्याकडून त्यांना कळलं होतं. त्यांच्या यंत्रांचा आणि मोजपट्टीच्या चादरीचा शुक्रवारी एकाच समितीपुढे सामना आहे. त्यांना माझ्या वहीतली फक्त ती नऊ पानं हवी होती, जशीच्या तशी, खाली माझी सही. मी म्हणालो, त्या पाण्यात मीठ माझ्या आईने घातलं होतं. ते म्हणाले, "पण आकडे खरे आहेत ना? खोटं तर काही लिहायचं नाही." आकडे खरे आहेत, हे मलाही मान्य करावं लागलं. तेव्हा शेरे लिहायचे बाकी होते. मग ते खाली दुकानात जाऊन मोडक्या यंत्राभोवती एक फेरी मारून आले, आणि रक्कम 'सव्वा लाखाच्या आसपास' म्हणाले. आसपास हा आकडा नव्हे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढून कागदावर नेमका आकडा लिहिला, मी तो दोनदा वाचला, नाही म्हणालो, आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडून आलो. एक लाख सत्तावीस हजार पाचशे.